साडू आणि न फुटलेली खडी

नव्वदच्या दशकात नाशिककरांचा अंत पाहणाऱ्या दोनच गोष्टी होत्या: आमच्याकडचे रस्ते आणि त्या रस्त्यांवर बोलणारे आमचे थोरले साडू. एका सरकारी प्रयोगशाळेत ते रस्त्याखालची खडी तपासत. लोखंडी साच्यात माल थराथरानं भरायचा, वरून हातोडा आपटायचा आणि किती घट्ट बसला ते मोजायचं, ही तिथली रीत. साडूंनी ती घरातही आणली. बेसनाचा लाडू तोंडात टाकण्याआधी ते अंगठ्यानं दाबून बघत आणि "तूप कमी, बसला नाही" असा शेरा मारत. एकदा बायकोची पैठणी त्यांनी बॅगेत थर देऊन, गुडघ्यानं दाबून भरली. येवल्याच्या लग्नात ती माउली साध्या साडीत रुसून बसली होती. दिंडोरी रोडवर स्कूटर थांबवून रोलरवाल्याला शिकवायला गेले, तर तो म्हणाला, "सायेब, बाजूला व्हा, लय काम पडलंय."

पण हातोड्यावर त्यांचा खरा राग. हातोड्यानं खडी फुटते, रस्त्यावरचा रोलर ती थरथरवून बसवतो, मग आपला आकडा खरा कसा, असं ते भेटेल त्याला विचारत. शेवटी जुनी मोटर लावून त्यांनी स्वतःच एक थरथरतं यंत्र बनवलं. निवृत्तीआधी खात्यानं ते स्वीकारावं, एवढी एकच इच्छा उरली होती. मोठे साहेब बघायला आले. सरकारी शिरस्त्याप्रमाणे आधी चहा आला, आणि टेबल एकच असल्यानं यंत्राशेजारी ठेवला गेला. साडूंनी बटण दाबलं. खडी बसू लागली आणि कपबशा साहेबांकडे चालू लागल्या. साच्यात डोकं घातलेले साडू आनंदानं म्हणाले, "बघा साहेब, एकही फुटली नाही." साहेबांच्या मांडीवरून घसरलेली कपबशी तेवढी फुटली होती. यंत्र अडगळीत गेलं आणि साडू हातोडा आपटतच निवृत्त झाले.

पुढे काही वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तसंच यंत्र बाहेरून विकत आलं. साडूंनी हट्ट धरला म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. आता हे बडबडून जीव नकोसा करणार, अशी माझी खात्री होती. यंत्र थरथरत होतं, पण शेजारचं काहीच हलत नव्हतं. साडू उकिडवे बसले आणि यंत्राच्या खाली बराच वेळ बघत राहिले.

"रबरी पाय दिलेत," ते हळूच म्हणाले. "माझं तेवढंच राहिलं हो."

मला फार वाईट वाटलं. साडू मात्र खडी पूर्ण बसेपर्यंत तिथून हलले नाहीत.