रामनगरचा खड्डा

गेल्या मे महिन्याच्या शेवटी सुपा धरणाचं पाणी इतकं उतरलं, की बुडालेल्या गावातली ख्रिस्ती दफनभूमी उघडी पडली. बातमीसाठी मी गेलो तेव्हा तिथं एक म्हातारा नारळाच्या काथ्याने कबरीवरचा गाळ घासत होता. कबर त्याच्या आईची होती. त्याचं नाव मी विचारलं नाही.

त्याचा मुलगा फावडं आणि रिकामी पेटी घेऊन उभा होता. पाऊस लागण्याआधी अस्थी, धरणग्रस्तांना वसवलेल्या रामनगरच्या नव्या दफनभूमीत हलवायच्या होत्या. तिथं खड्डा खणून तयार होता. पाणी पुन्हा इतकं कधी उतरेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"बाबा, येसू येईल तवा आजी पान्यातनं कशी उठनार?" मुलगा म्हणाला.

"मातीतनं उठतात, तर पान्यातनं का न्हाई? ओली उठंल. वाळंल उन्हात."

"आनि गाव कुठं हाय आता?"

म्हाताऱ्याने कबरीच्या पायथ्याकडे, पूर्वेला बोट दाखवलं. गाळातून भातखाचरांचे बांध वर आले होते.

"देव धरती नवी करनार हाय न्हवं? मग हीच करंल की. उठल्या उठल्या आपलं शेत दिसंल तिला."

मग त्याने कबरीला चुना लावला, क्रुसावर दोन हात दिले. मुलाने रिकामी पेटी उचलली.

जूनअखेर पाणी क्रुसाच्या वर गेलं. रामनगरचा खड्डा म्हाताऱ्याने स्वतः बुजवला. तिथं आता फणसाचं रोप आहे.