मुखेडचं पाव्हणं

आमच्या सासऱ्यांइतका पाहुणचार करणारा माणूस अख्ख्या अहमदपूर तालुक्यात झाला नाही, आणि ज्यांचा तो केला त्यातले निम्मे त्यांच्या दुकानात कधी आलेच नव्हते. दुकान भांड्यांचं. घेतलेल्या भांड्यावर नाव स्वतः कोरून देणार, आणि तेही चहा पाजल्याशिवाय नाही. असल्या माणसाला मी, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा धाकटा जावई, दुकानाची वेबसाइट करून दिली. वर ती किती जण बघून गेले, कुठल्या गावचे, किती वेळ थांबले, हे मोबाइलवर कसं पाहायचं तेही शिकवलं. घोडचूक केली.

त्या दिवसापासून आकड्यांची माणसं झाली. कोणी तीन सेकंदांत निघून गेलं की मामांचा चेहरा पडायचा. (आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाच म्हणतो.) "उंबऱ्यावरूनच गेलं बघा, जावईबापू. आपलंच काही चुकलं असंल." मग डब्यांचा फोटो बदला, नाहीतर कोपऱ्यात झाडू दिसतोय तो काढा. अमेरिकेतून कोणी डोकावलं, तर अमावस्येला दुकान बंद असतं हे ठळक लिहायला लावलं. "इतक्या लांबून यायचं आन् हेलपाटा पडायचा बिचाऱ्याला." मी म्हटलं, मामा, ती माणसं नसतात, यंत्रं फिरत असतात. "फिरंनात का. बसा म्हणायला आपलं काय जातंय?" कपाळ माझं.

एक पान मात्र त्यांनी हट्टानं करून घेतलं होतं. नाव कोरलं पण न्यायला कोणी आलंच नाही, अशा भांड्यांचं. त्यात एक तांब्याची कळशी होती. मुखेडच्या एका बापानं लेकीच्या लग्नासाठी कळशीवर 'महानंदा' असं तिचं नाव घालायला दिलं, आणि तो परत फिरकलाच नाही. मामा दोनदा एसटीनं मुखेडला जाऊन आले, पत्ता लागला नाही. लेकीला रिकामं भांडं देत नसतात, म्हणून कळशीत मूठभर ज्वारी, दर सोमवारी बदललेली. "मी जायच्या आधी ही तिच्या हातात पडली पायजे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि एके दिवशी आकड्यांत ते आलं. गाव मुखेड, दुपारी चार वाजता, कळशीचं पान, सात मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, तीच वेळ, तेच पान. "पाव्हणं येऊन राहिलंय," मामा हळूच म्हणाले. "तीच हाय. लाजती बोलायला." मग चार वाजले की ते गिऱ्हाइकांनाही गप्प बसवायचे, दाराकडे तोंड करून बसायचे आणि दोन कप चहा मागवायचे. एकावर साय धरायची. खरं सांगतो, त्या वेळी दुकानात थांबायची मला भीती वाटायची.

शेवटी मी खोलात शिरलो. ते पाव्हणं म्हणजे खुद्द मामाच होते. चारचा ठोका पडला की पान नीट दिसतंय का, हे बघायला ते स्वतःच उघडून बसायचे, आणि त्यांच्या फोनचं गाव मुखेड दाखवलं जात होतं. असं चुकतं कधीकधी. शहाणपणा करून मी त्यांच्या फोनची मोजणी गुपचूप बंद केली. दोन दिवस चारच्या खाली शून्य. मामा जेवले नाहीत. "माझ्याकडून काय झालं असंल वो?" त्यांनी विचारलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रोज चारला शाळेतून मीच ते पान सात मिनिटं उघडं ठेवू लागलो. माझ्या फोनचंही गाव मुखेडच दिसत होतं. मामा जेवू लागले.

एकदा परीक्षेच्या गडबडीत राहिलंच. मोबाइल दिवसभर शाळेच्या कपाटात. संध्याकाळी धास्तावत दुकानात गेलो, तर मामा निवांत. "आज लई वेळ बसली," म्हणाले. पाहिलं, तर मुखेड, चार वाजता, एकोणीस मिनिटं. मामांच्या फोनची मोजणी तर अजून बंदच होती.

मामा पौषात गेले. त्यांचा फोन बंद करून ठेवलाय. मी ते पान उघडणं केव्हाच सोडलं. कळशी आमच्या घरी असते, सोमवारी ज्वारी बदलतो. मामांची फार आठवण येते. शाळेतून आलो की चारचा आकडा एकदा फक्त बघतो, खोलात शिरत नाही. चहा टाकताना बायको आतून विचारते, "किती जण आलेत?"

पूर्वी मी एक म्हणायचो. पौषापासून दोन म्हणतो.