ओल्या पंखावरचा अंगठा

आमच्या हिला सुरकुती खपत नाही. पस्तीस वर्षं शिवणकाम केलं, त्याचा हा परिणाम. रस्त्यात अनोळखी माणसाची कॉलर दुमडलेली दिसली तरी हिचे हात शिवशिवतात. गल्लीत तिला 'इस्त्री' म्हणतात, तेही माझ्यासमोर. मी काय बोलणार, माझीच कॉलर रोज तिच्या तावडीत असते.

त्या महिन्यात तर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्या गावात आमची लेक बाळंत झाली होती. हिची बॅग भरून तयार. आणि लेकीने फोनवर स्वच्छ सांगितलं, की आई, इतक्यात येऊ नकोस, तू आलीस की माझं घर माझं राहत नाही. झालं! तेव्हापासून हिचा पाय घरात ठरेना. मशीनवर बसायची, दोन टाके घालायची, उठायची. मी म्हटलं, अगं, पोरीला जरा दम खाऊ दे. तर माझ्यावरच डाफरली.

अशात एका सकाळी मागच्या दाराजवळच्या लिंबावर, वाळक्या पानात गुंडाळलेल्या कोशातून पतंग बाहेर आला. दिव्याभोवती फिरणारा चिल्लर नव्हे, अंग माझ्या अंगठ्याएवढं जाड. पंख मात्र ओले, पिळून टाकलेल्या फडक्यासारखे. मी चष्मा आणायला आत गेलो, तेवढ्यात हिने डाव साधला. परत येतो तर ही एक पंख बोटांवर घेऊन अंगठ्याने हलकेच सरळ करतेय.

"बिचारं चुरगळलंय हो," म्हणाली.

तासाभरात दुसरा पंख आपोआप उलगडला. माझ्या तळहाताएवढा, विटकरी, मधे काचेसारखा आरपार ठिपका. हिने सरळ केलेला तेवढा दुमडलेलाच वाळला.

शेजारच्या शाळेतल्या बाईंना बोलावलं. त्या विज्ञान शिकवतात, गोड बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी सांगितलं, ही मादी आहे, हिला खायला तोंडच नसतं, जगायचं ते आठ-दहा दिवस, आणि ओल्या पंखाला हात लागला की तो कामातून गेलाच.

मग दोन दिवस आमच्या हिची घरात नुसती येरझार. दर दहा मिनिटांनी मागचं दार उघडायची. मुंग्या चढतील म्हणून बुंध्याभोवती पाणी ओतायची. जेवता जेवता उठायची. तिला बघून मीही ताट अर्धवट टाकून उठायचो, आणि त्याचा मला रागही येई.

तिसऱ्या दिवशी उजाडताना कुठूनसा एक नर येऊन त्या मादीला बिलगलेला दिसला. मला कोण आनंद झाला! म्हटलं, बघ, तिचं काही अडलं नाही.

"अडलं नाही," ही म्हणाली, "पण मी हात लावला नसता तर ती उडाली असती. आपली लेक खोटं बोलत नाही हो."

दुपारी तिने बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवले.

पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. मागे बाळाने टाहो फोडलेला. लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, ये. आता ही चपला घालूनच बोलेल असं मला वाटलं, तर ही फोन धरून खालीच बसली. मग म्हणाली, "येते. पण कशाला हात लावणार नाही. एका कोपऱ्यात बसून राहीन."

"कोपऱ्यात बसायला कशाला येतेस?" लेक म्हणाली. "तीन रात्री झोपले नाहीये मी. बाळाला घे ना गं जरा."

हिने फोन माझ्याकडे दिला आणि आपले दोन्ही हात बघत बसली. लेक तिकडून हॅलो हॅलो करत होती.

"मला जमेल ना हो?" तिने मला विचारलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण स्वतःच्या हातांबद्दल या बाईने मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जमेल. आणि गाडीची वेळ बघायला उठलो.