मामाकडं पोच कशी मागायची

जामखेड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मी आवक-जावक क्लार्क आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं तिसरं काम मला सगळ्यात चांगलं जमतं.

बायडाबाई आमच्या भटारखान्यात बावीस वर्षं भाकऱ्या थापतेय. नवरा गेला तेव्हा पदरात दोन लेकी होत्या. संस्थेचे अध्यक्ष अण्णा तिच्या आईच्या गावचे, म्हणून ती त्यांना मामा म्हणते. नोकरीही त्यांनीच लावली. लेकी नांदायला गेल्या. आता बाईचं मागणं एकच होतं, रिटायर होईपर्यंत चूल सुटू नये.

मग नवा रेक्टर आला, रंगनाथ. स्वयंपाकाच्या बायकांशी शिवीशिवाय बोलायचा नाही. एका सकाळी त्यानं करपलेली भाकरी बायडाबाईच्या तोंडावर फेकली, तीही दोनशे पोरांच्या पंगतीसमोर. काही पोरं हसली. तेच तिला जास्त लागलं.

तिनं अर्ज लिहून आणला. माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबली, पण कागद मला न देता आत जाऊन अण्णांच्या हातात दिला. अर्ज मिळाल्याची पोच काही मागितली नाही. आमच्याकडं मोठ्या माणसाकडं पोच मागणं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणणं, आणि हा तर मामा. अण्णांनी कागदाची घडी करून खिशात घातली. म्हणाले, "बायडे, काळजी करू नको. मी हाय ना." दार उघडं होतं, मी सगळं पाहिलं. संध्याकाळी तोच कागद रंगनाथच्या हातात होता, तेही पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईला संडास धुवायला लावलं. ती अण्णांकडं गेली तर ते म्हणाले, "कसली तक्रार?"

महिन्यानं ती माझ्याकडं आली. रडली नाही, नुसती खुर्चीत बसली.

"भाऊसाहेब, मी लई दमले. पर गप बसून बी जीव जातोय."

तेव्हा कुठं माझी जीभ उचलली. म्हटलं, पुन्हा लिहा. काय झालं, कधी झालं, कोणी पाहिलं. तीन प्रती करा. एक इथं द्या, दुसरीवर मी शिक्का मारून तुम्हाला परत देतो, तिसरी रजिस्टर पोस्टानं जिल्ह्याच्या ऑफिसला धाडा. शिक्क्याची प्रत लेकीकडं ठेवा. तारखा काही तिला सांगता येईनात. ती म्हणे, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या आदल्या दिवशी. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि एकेक दिवस जुळवला.

जिल्ह्याहून एक मॅडम चौकशीला आल्या. अण्णांनी सांगितलं, आमच्याकडं तक्रारच आलेली नाही. बायडाबाईनं पिशवीतून शिक्क्याची प्रत काढून टेबलावर ठेवली. रंगनाथला वसतिगृहातून हलवलं आणि बाई चुलीपाशी परत आली.

मॅडम गेल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "मामाकडं पोच मागितलीस, बायडे?"

"पहिला कागद मामालाच दिल्ता की," ती म्हणाली.

तेव्हापासून अण्णा तिचा नमस्कार घेत नाहीत. नातवाच्या लग्नाला अख्खी शाळा बोलावली, तिला नाही. बावीस वर्षांचं नातं गेलं याचं तिला वाईट वाटतं, आणि ते ती लपवत नाही.

परवा ती ऑफिसात आली होती. मी जरा ऐटीतच म्हणालो, "बघा, शिक्क्यानं काम केलं."

"व्हय." ती म्हणाली. "भाऊसाहेब, पोच घ्यायची असती, हे तुमाला पहिल्या दिशीच ठावं हुतं ना?"

"होतं."

"मी महिनाभर संडास धुतलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्या उत्तरासाठी थांबलीही नाही, पदर खोचून भटारखान्याकडं गेली.