कानवाला मिस्त्री आणि मागची सीट

चारही चाकांना जोर असलेली गाडी मागून गुणगुणायला लागली, की लोक तिला थेट कानवाल्या मिस्त्रीकडे आणत. बाकीचे गॅरेजवाले जॅक लावून, चाकं उतरवून दिवस घालवत. हा पठ्ठ्या मोठ्या रस्त्यावर एक चक्कर मारून निकाल देई. पाय दाबला की आवाज चढतो आणि सोडला की पडतो? मग मागच्या डिफरन्शियलचे दाते. गाडी डावी-उजवीकडे झुलवली की बदलतो? चाकाचं बेअरिंग. कशानेच बदलत नाही? टायर. जॅक लावायचा म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटे.

आणि प्रत्येक चकरेला बायको मागच्या सीटवर! गल्लीने यावर कमी तोंडसुख नाही घेतलं. "मिस्त्रींना बायकोशिवाय क्लच दाबवत नाही," समोरचा शिंपी म्हणे. साठीतलं प्रेम, दुसरं काय!

प्रेम कसलं डोंबलाचं? मिस्त्रीचे कान सहा वर्षांपूर्वीच कामातून गेले होते; समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखे. ऐकायची ती. आवाज बदलला की त्याच्या खांद्यात बोट टोचायची. निदान त्याचं, कान तिचे.

मग एकदा तिने कानाचं मशीन आणलं. त्याने ते नटबोल्टच्या डब्यात टाकलं.

"कानवाल्याच्या कानात मशीन? त्यापेक्षा गॅरेजला कुलूप लाव!"

"मग मीही मागे बसायची नाही. बघू गुपित किती दिवस टिकतं!"

दोघंही हट्टाला पेटली. तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

चौथ्या दिवशी मेहुणा आला, तिच्या पाठचा भाऊ. घाटापलीकडे औषधं पोचवायचा. गाडीला मागे नवे, जाड नक्षीचे टायर.

"दाजी, मागून घूं घूं येतंय. आणि ताई नाही का आज? रुसवा?"

"तिला कामं आहेत," मिस्त्री गुरगुरला.

चक्कर झाली. पाय दाबला, सोडला, गाडी झुलवली. कानात नुसता कापूस भरलेला. जॅक लावून चाक हाताने फिरवलं असतं, तर बेअरिंगची खरखर बोटांनाही कळली असती. पण मेहुण्यासमोर जॅक?

"टायर बोलतायत. नवी नक्षी आहे. झिजली की गप्प बसेल."

"तुम्ही म्हणालात ना, मग संपलं," म्हणत मेहुणा निघाला.

दोन दिवसांनी घाटाच्या उतारावर मागचं उजवं चाक जाम झालं आणि गाडी दरीत गेली. मेहुणा जागीच संपला.

चुराडा मिस्त्रीच्याच दारात आणून टाकला. त्याने चाक उतरवलं. बेअरिंग जळून निळं पडलं होतं. बायको येऊन त्याच्यासमोर वाकली.

"त्या दिवशी गाडी निघाली ना, तेव्हा मला स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं. वळताना वाढलं. मी हात पुसून दारापर्यंत आले. म्हटलं, येऊ दे यांनाच विचारायला."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. दोघं तशीच तिच्या भावजयीकडे गेली.

"रस्ताच वाईट होता म्हणतात, भाऊजी," ती म्हणाली.

"रस्ता नाही, वहिनी. बेअरिंग. मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली."

ती उठून त्याच्या तोंडासमोर आली. मग एकेक शब्द सुटा करत तिने विचारलं, "वन्संना ठाऊक होतं?"

तिचे ओठ त्याला स्वच्छ वाचता आले. बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"नाही. तिलाही फसवलं मी."

"मग तुम्ही निघा. परत या उंबऱ्यावर दिसू नका. वन्सं राहतील माझ्यापाशी."

मिस्त्री एकटा जिना उतरला. वर त्याची बायको भावजयीच्या मिठीत उभी होती, आणि तिला धड रडताही येत नव्हतं.