वन्संचा नाश्ता बेकरीच्या भट्टीत

मंडळी, आज सकाळी पाहुण्यांचा नाश्ता घेऊन मी बेकरी गाठली.

कागलच्या माझ्या थोरल्या नणंदेनं फोनवर बजावलं होतं, "दरवेळी आम्ही बाहेर आणि तू गॅसपाशी. बसून बोलणार असशील तरच येतो बघ."

म्हणून काल रात्रीच ट्रेमध्ये ब्रेडचे तुकडे, परतलेला कांदा-सिमला मिरची आणि चीज यांचे थर लावले, वर दुधात फेटलेली अंडी ओतली आणि ट्रे फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी फक्त ओव्हनमध्ये सरकवायचा होता.

पाहुणे दारात आले आणि लोडशेडिंग सुरू झालं.

वन्सं लगेच पदर खोचून आत आल्या. "चल, पोहे टाकू."

"तुम्ही बसा, आलेच," म्हणत मी ट्रे उचलला. दिवाळीत आपण कोपऱ्यावरच्या बेकरीत नानकटाई भाजून घेतोच की.

बेकरीवाले मामा ट्रेकडे बघत राहिले. "ही कसली नानकटाई म्हणायची, वहिनी?"

"भाजा तर, मग तुम्हालाच एक तुकडा देते."

ट्रे तिथंच सोडून घरी येऊन वन्संजवळ बसले. तेव्हा त्यांनी सांगितलं की गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि मनातून फार भ्या वाटतंय. फोनवर हे कधी निघालं नव्हतं.

नाश्ता मस्त फुगून, खरपूस होऊन आला. वन्सं दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी एकदा अजून कर. पण भट्टीतच दे, तू हितं बस."

तुमच्याकडं पाहुणे आले की तुम्ही बसता, का नुसतं वाढता?