शेवटचं पान

गुळगुळीत रंगीत कागदाचा वास आला की लहानपणीच्या, आमच्या शहरातल्या द्वारका भागातल्या सोसायटीतली वॉचमनची मुलगी आठवते. सुरगाण्याहून आलेली, माझ्याहून लहान. माझ्याकडे पावसातल्या प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक होतं. मी अट घातली होती, आधी तिनं आवाज काढायचा, मगच मी पान उलटणार. बेडूक, मोर, गोठ्यातली म्हैस, पत्र्यावरच्या सरी, सगळं तिनं इतकं खरं काढलं की जिन्यात पोरं जमून फिदीफिदी हसायला लागली. घसा बसला तरी ती म्हणत होती, "ताई, उलट ना पान." एकच पान उरलं, तेव्हा "संपलं" म्हणून मी पुस्तक मिटलं आणि घरात गेले. परवा लेकीला तेच पुस्तक वाचून दाखवताना मी बेडकाचा आवाज काढला, तो हुबेहूब तिचा निघाला. मी थांबले. लेक म्हणाली, "आई, उलट ना पान."